विहिरीतला अकरावा बार

सरकारी नोकरीत टेबल आपण निवडत नाही. वर्ध्याच्या आमच्या जिल्हाधिकारी कार्यालयात मला जे मिळालं, त्यावर फटाके आणि सुरुंग एकत्र नांदत होते. दिवाळीच्या आधी फटाक्यांच्या तात्पुरत्या दुकानांचे अर्ज यायचे आणि बाकी वर्षभर गिट्टीच्या खाणी, रस्त्यांची कामं, विहिरींचे सुरुंग. कायद्याच्या दृष्टीनं सुतळी बॉम्ब आणि खडक फोडायची कांडी एकाच खानदानातली. लोकांच्या दृष्टीनं तसं नाही. त्यांच्या लेखी फटाका म्हणजे सण आणि सुरुंग म्हणजे काम. परवाना नावाची कटकट दोन्हींच्या मध्ये उगाच येऊन बसलेली, आणि त्या कटकटीच्या खुर्चीत मी.

दिवाळीत मी मैदानावरच्या दुकानांची तपासणी करायला जायची. दोन दुकानांत ठरलेलं अंतर हवं, छत पत्र्याचं हवं, कापडाचं नको, उघडा दिवा नको, वाळूच्या बादल्या भरलेल्या हव्यात. एका वर्षी एका दुकानदारानं वाळूची बादली अगदी झोकात पुढे ठेवली होती आणि तिच्यात पेटलेल्या उदबत्त्यांचा जुडगा खोचला होता. मागे अनारांची थप्पी. मी म्हटलं, हे काय? तो म्हणाला, लक्ष्मीपूजन आहे मॅडम, आणि उदबत्ती वाळूतच आहे की. माझ्या बरोबरचा शिपाई हसायला लागला. मी उदबत्त्या उपटून पाण्यात बुडवल्या आणि दुकान संध्याकाळपर्यंत बंद ठेवायला लावलं. तो दुकानदार आजही मला बाजारात दिसला की मान वळवतो. चालायचंच.

हे एवढ्यासाठी सांगितलं की सुरुंगाबद्दल मला जी माहिती होती ती कागदावरची होती. माझ्या स्वतःच्या विहिरीत सुरुंग लावायची वेळ आली तोवर मी एकही बार उडताना जवळून पाहिला नव्हता.

सिंदी रेल्वेजवळ माझ्या वडिलांचं शेत आहे. मी एकुलती एक, म्हणून ते माझ्या नावावर आलं. माझं घर नालवाडीला आणि नोकरी वर्ध्यात, त्यामुळे शेत करतो माझा चुलतभाऊ. माझ्यापेक्षा लहान, कामाला वाघ, बोलायला त्याहून. विहीर जुनी, पण दोन उन्हाळ्यांपासून मार्चातच तळ दिसायला लागला होता. खाली काळा दगड. तो फोडून विहीर आणखी खोल करायची, असं आम्ही मे महिन्यात ठरवलं.

या कामाची पद्धत आमच्याकडे अशी. विहिरीच्या काठावर क्रेन उभी राहते. तळाशी दगडात मशीननं भोकं पाडतात. स्फोटकं परवानाधारक कंपनीच्या गाडीतून त्या दिवशीच येतात, शेतात ठेवता येत नाहीत. परवाना असलेला माणूस ती भोकांत भरतो, वाती लावतो, पेटवतो आणि क्रेनच्या पाळण्यातून वर येतो. वाती कमी-जास्त लांबीच्या, म्हणून बार एकामागून एक उडतात, आणि वरचे लोक ते मोजतात. भोकं जेवढी, तेवढे आवाज झाले पाहिजेत. एक जरी कमी पडला तरी खाली न उडलेला बार आहे असं समजायचं आणि परवानेवाल्यानं पाहिल्याशिवाय कुणी उतरायचं नाही. उतरतात ते मजूर. फुटलेला दगड पहारीनं सैल करायचा, पाळण्यात भरायचा. न उडलेल्या बारावर पहार पडली की संपलं.

आमच्या विहिरीवर मजुरांचं एक जोडपं होतं. नवरा अबोल. बायको तिशीतली, ठसठशीत, डोक्याला टॉवेल गुंडाळलेली, दोघांच्या वाट्याचं बोलणारी. सगळ्या विहिरी दोघं मिळूनच करायचे. खाली एकत्र उतरायचे, एकत्र वर यायचे.

सुरुंगवाल्याचे कागद मी स्वतः पाहिले होते. परवाना चालू, नाव बरोबर, फोटो बरोबर. शनिवारी दुपारी मी शेतावर पोचले तर त्या फोटोतला माणूस कुठेच नव्हता. भोकं भरून झाली होती, आणि ती भरली होती त्याच्या साळ्यानं.

मी विचारलं, परवानेवाले कुठे आहेत? साळा म्हणाला, भाऊजी हिंगणघाटकडे दुसऱ्या कामावर आहेत, येऊनच राह्यले. मी विचारलं, तुमचा परवाना? तो म्हणाला, "मॅडम, भाऊजींचा आहे ना. घरातच तर आहे."

"परवाना म्हणजे काय रेशन कार्ड आहे, साऱ्या घरानं वापराले?"

तो हसला. माझा चुलतभाऊही हसला. मी हसले नाही, पण काम थांबवताही येईना. भोकं भरलेली होती, मे महिन्याचं ऊन होतं, आणि भरलेले बार तसेच सोडणं हे उडवण्याहून वाईट, एवढं मला कळत होतं. मी परवानेवाल्याला फोन लावला. त्यानं सांगितलं, साळा माझ्याहून हुशार आहे, निश्चिंत राहा. मी म्हटलं, हुशारीचं नंतर बघू, तुम्ही निघा. मग मी साळ्याला म्हटलं, उडवा.

विहिरीपासून थोडं दूर, बांधाच्या पलीकडून गावरस्ता जातो. त्या रस्त्यावर आमच्या सालदाराला लाल ओढणी घेऊन उभं केलं होतं, येणारं-जाणारं थांबवायला. नेमकी त्याच वेळी शेजारच्या गावातल्या लग्नाची वरात आली. नवरदेव घोड्यावर, पुढे बँड, मागे पाहुणे. आम्हाला बांधाआडून काही दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. सालदारानं ओढणी आडवी धरली आणि वरात थांबली. बँडवाल्यांनी वाजवणं बंद केलं. मला वाटलं, आता कुरकुर होईल. झालं उलटच. विहिरीत बार उडणार आहेत आणि ते मोजायचे असतात, हे सालदारानं सांगितल्यावर वरातीला तो खेळच मिळाला.

साळा पेटवून वर आला. आम्ही सगळे पांगलो. मी मोटरघराच्या मागे जमिनीवर बसले, पाठ भिंतीला टेकवून. चुलतभाऊ आणि मजुरांचं जोडपं पुढच्या आंब्याखाली. पहिला बार उडाला आणि रस्त्यावरून शंभर माणसं एका सुरात ओरडली, "एक!" मग दोन. मग तीन. आंब्याखालून चुलतभाऊही त्यांच्यात सामील झाला. घोडा खिंकाळला तेव्हा सगळे हसले. अकरा भोकं होती. अकरावा आवाज झाला तशी वरातीनं टाळ्या वाजवल्या, बँड सुरू झाला आणि वरात पुढे गेली.

धूर निवायला वेळ दिला. मग साळ्यानं काठावरून डोकावून पाहिलं आणि सांगितलं की अकराच्या अकरा गेले, उतरा. उजेड आहे तोवर वरचे दगड सैल करून ठेवू, म्हणजे सकाळी क्रेन लवकर लागेल. मजूर पहार घेऊन पाळण्याकडे निघाला, बायको त्याच्या मागे.

मी म्हटलं, थांबा.

कारण असं की प्रत्येक बाराला मोटरघराची भिंत माझ्या पाठीला धक्का देत होती. आवाज कानाला नंतर येतो, जमिनीतला हादरा आधी येतो. मी मुद्दाम काही ताडत नव्हते, पण दोन-तीन बारांनंतर पाठच त्याची वाट बघायला लागली. आणि सातव्यानंतर एक आवाज असा झाला की पाठीला काहीच लागलं नाही. कानाला दणका, भिंत गप्प. छपराच्या पत्र्यावरची माती दरवेळी भुरभुरत होती, तीही त्या वेळी पडली नाही. त्या क्षणी वाटलं, खडकात कुठे पोकळी असेल. पण जोडप्याला पाळण्याकडे जाताना पाहिलं आणि मी स्वतःला सरळ विचारलं, तू उतरली असतीस का? उत्तर नाही असं आलं.

मी सांगितलं, आठवा आवाज विहिरीतला नव्हता. खाली एक बार बाकी आहे.

साळा म्हणाला, मॅडम, मी शंभर विहिरी फोडल्या. चुलतभाऊ म्हणाला, "ताई, सारी वरात मोजून राह्यली होती. सारं गाव खोटं अन एकटी तुई पाठ खरी?"

"हाव. माझी पाठ खरी."

त्यावर मजुराची बायको पुढे आली. तिचा राग मला समजत होता. त्यांचं काम फुटावर होतं, बसून राहिलं तर काही नाही. ती म्हणाली, "बाई, तुमाले सुट्टीचाबी पगार पडते. आमाले खड्ड्यात उतरल्यावर. तुमच्या पाठीपायी आम्ही काऊन बसाव?"

मी म्हटलं, "बसा. उद्याचा दिवस माझ्याकडून. पण उतरायचं नाही."

"अन उतरलो तर?"

तिला उत्तर देण्याऐवजी मी क्रेनकडे गेले. तिचं डिझेल इंजिन हँडल मारूनच सुरू व्हायचं. ते जड लोखंडी हँडल उचललं, माझ्या गाडीच्या डिकीत टाकलं आणि डिकीला कुलूप लावलं. मागून चुलतभाऊ म्हणाला, झालं, आता ऑफिस शेतात आलं. मी त्याला सांगितलं की विहिरीभोवती बोराटीचे काटे टाक आणि कुणाला काठावरही जाऊ देऊ नको. तो पुटपुटत का होईना, गेला. साळ्याला सांगितलं, तुमच्या भाऊजींना आणा, नाही तर मी पोलिसांना फोन करते. विहीर माझी आहे, संमती माझी आहे, आणि खाली कुणाला काही झालं तर पहिलं नाव माझंच लिहिलं जाईल. हे शेवटचं मी मुद्दाम बोलले. दुसऱ्याच्या जिवाची काळजी लोकांना खरी वाटत नाही, स्वतःच्या नावाची लगेच पटते.

पण नुसतं अडवून भागणार नव्हतं. मी वर्ध्याला परतले की डिकीतल्या हँडलवाचूनही दोराला लोंबकळून उतरतील, हे मला दिसत होतं. साळा छातीठोक सांगत होता आणि त्यांना कामाची घाई होती. माझ्याकडे पाठीशिवाय पुरावा नव्हता. आठवा आवाज विहिरीतला नव्हता, तर कुठून आला? एकच जागा होती. मी गाडी काढली आणि लग्नाच्या मांडवात गेले.

मांडवात लग्न लागून पंगती चालू होत्या. नवरीचे वडील मला ओळखत होते, माझ्या वडिलांच्या उठण्या-बसण्यातले. मला पाहून ते धावत आले, खुर्ची दिली, मठ्ठ्याचा ग्लास दिला. मी विचारलं, दादा, मघाशी वरात रस्त्यात थांबली होती तेव्हा कुणी फटाका फोडला का?

त्यांचा चेहरा पडला. त्या क्षणी माझी चूक माझ्या लक्षात आली. या गावाला मी आता नुसती कुणाची मुलगी राहिले नव्हते. मी फटाक्यांच्या टेबलावरची बाई होते. आणि मी मांडवात येऊन विचारत होते की फटाका कुणी फोडला.

"एकबी नाई ताई," ते म्हणाले. "आम्ही फटाके आणलेच नाई. विचारा कोणालेबी."

मी विचारलं. बँडमास्तर म्हणाला, नाही. घोडेवाला म्हणाला, फटाक्याला आमचा घोडा बिचकतो, कसे फोडू देऊ? नवरदेवाचे मित्र तर एकमेकांच्या आधी नाही म्हणाले. कुणीतरी मागच्या मागे एक पिशवी उचलून आचाऱ्याच्या तंबूत नेली, तेही मी पाहिलं. त्या मांडवात नियम कुणाला माहीत नव्हते असं नाही. चांगले माहीत होते, म्हणूनच सगळे खोटं बोलत होते. आणि ते खोटं साळ्याच्या हिशेबाला बळ देत होतं. बाहेर फटाका फुटलाच नाही, म्हणजे अकराही आवाज विहिरीतलेच.

स्टेजजवळ एक माणूस माईकवर पाहुण्यांना जेवायला बसण्याची विनंती करत होता. मी त्याच्याकडून माईक मागितला. त्याला वाटलं, आशीर्वाद द्यायचे असतील. त्यानं नाव विचारलं, मी नुसता माईक घेतला.

मी म्हटलं, "मी ऑफिसातून आली नाई, शेतातून आली. कोणावर कारवाई करणार नाई. मघाशी तुम्ही सारे जे बार मोजले, त्यात एक जर तुमचा असेल, तर आमच्या विहिरीत एक न उडालेला आहे. उद्या त्यावर नवरा-बायको उतरणार आहेत. ज्यानं फोडला त्यानं मले एकटीले येऊन सांगाव. मी पाण्याच्या टाकीजवळ उभी आहे."

माईक परत दिला. वाढप्यांनी भाताचं भांडं उचललं आणि पंगत पुढे चालू झाली. मी टाकीजवळ उभी राहिले. बायका हात धुवायला येत, माझ्याकडे पाहत, जात. मला वाटायला लागलं की कुणी येणार नाही आणि मग थेट पोलिसांना फोन करावा लागेल. तो करायची माझी तयारी होती.

आला तो नवरदेवाचा मामा. साठीच्या पुढचा, निवृत्त हेडमास्तर, डोक्याला फेटा. त्यानं हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले.

"मीच लावला," तो म्हणाला. "साऱ्याइचा मोजायचा जोर पाहून मलेबी वाटलं, आपला एक होऊन जाऊ द्या. मांगं राहून जुन्या डब्याखाली ठेवला, म्हणून आवाज मोठा झाला. कोणाले समजलंच नाई, त्याचीच मजा वाटून राह्यली होती."

"कितवा होता?"

"सातव्याच्या मागून."

मी त्याला रागावले नाही. वेळ नव्हता, आणि तो स्वतःच पांढरा पडला होता. मी म्हटलं, हे तुम्ही विहिरीवर येऊन सांगायचं. तो म्हणाला, आता? विहिणींची पंगत बसायची आहे. मी म्हटलं, आता.

फेटा काखेत मारून तो माझ्या गाडीत बसला. विहिरीवर पोचलो तेव्हा साळा आणि माझा चुलतभाऊ काट्यांपाशी बसले होते, जोडपं आंब्याखाली भाकर खात होतं. मामानं वर्गात सांगावं तसं उभं राहून सगळं सांगितलं. डबा, सुतळी बॉम्ब, सातव्याच्या मागून.

सातव्यानंतरचा तो आवाज मी आधीच सांगितला होता, त्याच्या सांगण्याआधी. साळ्यानं एकदा माझ्याकडे, एकदा विहिरीकडे पाहिलं आणि जाग्यावर बसूनच राहिला. मजुराची बायको हातातली भाकर खाली ठेवून त्याच्यापाशी गेली.

"मघा म्हणत होता ना, उतरा," ती म्हणाली. "तू उतरत होता का आमच्या पहिले?"

तिचा नवरा उठला, पाळण्यातली पहार काढून आंब्याखाली आणली आणि त्या पहारीवर पाय ठेवून पुन्हा जेवायला बसला. त्या दिवशीचं त्याचं बोलणं एवढंच.

परवानेवाला सकाळी कंपनीच्या गाडीबरोबर आला. मी त्याच्याशी वाद घातला नाही. फोटोतला तोच माणूस आहे एवढं पाहिलं आणि हँडल दिलं. तो एकटा खाली उतरला. बराच वेळ वर काही ऐकू येत नव्हतं, फक्त दगड हाताने बाजूला ठेवल्याचा आवाज. मग त्यानं खालून हाक मारली की सापडला. आधीच्या बाराचा दगड वातीवर पडून ती मध्येच तुटली होती, खाली भोकातलं सगळं जसंच्या तसं. त्याला हात न लावता त्याच्यापासून सुरक्षित अंतरावर दुसरं भोक पाडून, भरून, त्यानं ते दोन्ही एकदम उडवलं. या वेळी रस्त्यावर कुणी नव्हतं, मोजायलाही काही नव्हतं. आवाज पायातून आला, मग कानात.

तो पुन्हा उतरला, कोपरान्‌कोपरा तपासला आणि वर आला. मजुराची बायको पाळण्यापाशी उभीच होती. तिनं त्याला बाहेर पडू दिलं नाही.

"तुम्ही आमच्या संगं चला खाली," ती म्हणाली. "पहिला पाळणा भरेपर्यंत."

त्याला ते अपमानासारखं वाटलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बरोबर बोलते ती. तिघं खाली गेले. पहिला पाळणा दगडानं भरून वर आला, मग दुसरा आला त्यात परवानेवाला होता.

तक्रार मी दिलीच. माझंच प्रकरण माझ्याच टेबलावर नको म्हणून मी ती स्वतः हाताळली नाही, वरिष्ठांकडे दिली, आणि त्यात माझ्या विहिरीचा गट क्रमांकही लिहिला. चुलतभाऊ घरी येऊन म्हणाला, ताई, तो आला होता, त्यानं नीट केलं, आता कायले त्याच्या पोटावर मारतं? मी त्याला म्हटलं, तो बोलावल्यावर आला. ज्याच्या विहिरीवर बोलावणारं कुणी नसेल तिथं तो साळ्यालाच पाठवेल. त्याला ते पटलं नाही. माझ्या घरी चहा न घेता गेला, आणि आमचं बोलणं पावसाळ्यापर्यंत फक्त बियाण्यापुरतं राहिलं. परवानेवाल्याकडून खुलासा मागवला गेला, त्याचं काम काही महिने बंद राहिलं. तोही नालवाडीला येऊन गेला. लेकरंबाळं, हप्ते, सगळं सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि तक्रार मागे घेणार नाही असं सांगितलं. त्याच्या चुकीनं नवरा-बायकोची प्रेतं एकाच पाळण्यातून वर आली असती, हे मी त्याला म्हटलं. तो म्हणाला, असं झालं तर नाही ना. या वाक्यावर आमच्याकडे सगळं चालतं.

त्या गावात माझं नाव फटाकेवाली बाई पडलं. आता तिथली लग्नाची पत्रिका येते तेव्हा आणणारा आपणहून सांगतो की आमच्याकडे फटाके नाहीत. मी जेवायला जाते. आचाऱ्याच्या तंबूत डोकावत नाही.

मामा एकदा वर्ध्याच्या बसस्टँडवर भेटला. नमस्कार केला आणि म्हणाला, रात्री कधीमधी ते मोजणं ऐकू येतं. मी म्हटलं, तुम्ही खरं बोललात, पुरे. त्याहून जास्त सांत्वन मला जमत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात कार्यालयात असताना एका अनोळखी नंबरवरून फोन आला. मजुराची बायको होती. माझा नंबर तिनं माझ्या चुलतभावाकडून घेतला होता. ती नाचणगावकडच्या एका शेतातून बोलत होती. काल बार उडाले, भोकं होती तेवढेच आवाज मोजले, पण उडवायला परवानेवाला नव्हताच, कुणी दुसराच होता. त्यानं उतरा म्हटलं. ही दोघं उतरली नाहीत, सकाळपासून लिंबाखाली बसून आहेत. विहिरीचा मालक तापला आहे, दुसरे मजूर आणतो म्हणतो. मागे कुणाचा तरी चढा आवाज मला फोनमधूनही ऐकू येत होता.

"सारे उडाले असतीन बाई," ती म्हणाली. "पण आम्ही परवाना पाहाले मागतला तं त्यानं मोबाईलमधला फोटो दाखवला. फोटोतला तोंडवळा येगळा हाय. आता आम्ही का सांगाव मालकाले?"

माझ्या पुढ्यात फायली होत्या, समोर एक अर्जदार उभा होता. मी त्याला बसायला सांगितलं आणि पेन घेतलं.

"तू काही नको सांगू," मी म्हटलं. "फोन त्याच्याकडे दे."